ग्राफिंग कॅल्क्युलेटर घ्यावा का, आणि घ्यायचाच तर कोणता? कोकणातील विद्यार्थी-पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीचा निकाल लागला की रत्नागिरी, चिपळूण, दापोली, कणकवली, मालवण अशा गावांतील पालक गणिताच्या शिक्षकांना गाठून कॅल्क्युलेटरविषयी विचारू लागतात. घरात कोणी आखातात नोकरीला असेल किंवा मुलाने परदेशी शिक्षणाचा विषय काढला असेल, तर हा प्रश्न हमखास येतो. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची माझ्या समजुतीप्रमाणे उत्तरे येथे दिली आहेत.

ग्राफिंग कॅल्क्युलेटर म्हणजे नेमके काय? तो सायंटिफिकपेक्षा कसा वेगळा?

सायंटिफिक कॅल्क्युलेटर एका वेळी एक आकडेमोड करतो आणि उत्तर दाखवतो. ग्राफिंग कॅल्क्युलेटरमध्ये समीकरण भरले की त्याचा आलेख मोठ्या पडद्यावर उमटतो, आणि त्या आलेखावरून मुळे, छेदबिंदू, सर्वोच्च व नीचतम बिंदू, वक्राखालील क्षेत्रफळ काढता येते. आकडेवारीचे तक्ते साठवणे, त्यांतून रिग्रेशनची, म्हणजे आकड्यांचा कल दाखवणारी, रेषा काढणे, मॅट्रिक्स सोडवणे आणि लहानसे प्रोग्रॅम लिहिणे हीही त्याची कामे आहेत. यांतील प्रोग्रॅम लिहिण्याची सोय लक्षात ठेवावी, कारण आपल्याकडच्या परीक्षांत हा यंत्रप्रकार अडतो तो मुख्यतः तेथेच.

या प्रकारातला पहिला कॅल्क्युलेटर, एफएक्स-७०००जी, कॅसिओने १९८५ साली बाजारात आणला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८१ हा १९९० साली आला आणि त्यानंतर अमेरिकेतल्या शाळांनी टीआयची मालिका इतकी उचलून धरली की तिथल्या पाठ्यपुस्तकांत कोणते बटण कधी दाबायचे, हेही टीआयच्याच बटणांनुसार छापले जाऊ लागले.

मुलगी राज्य मंडळाच्या बारावी विज्ञान शाखेत आहे. तिच्यासाठी आताच घेऊन ठेवावा का?

नाही. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या आणि रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर लॉगटेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही, अशी सूचना छापलेली असते. जेईई, नीट आणि राज्याची सीईटी या परीक्षांनाही कॅल्क्युलेटर आत नेता येत नाही. या दोन वर्षांत हाताने आकडेमोड करण्याची आणि लॉगटेबल झटपट पाहण्याची सवयच गुण मिळवून देते. ज्या मुलांच्या दप्तरात अकरावीपासून कॅल्क्युलेटर असतो, त्यांचा मोलॅरिटीच्या उदाहरणात दशांश चिन्हाशी घोळ होताना मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

आलेख पाहून संकल्पना समजून घ्यायची असेल, तर मोबाइलवरचे मोफत ॲप पुरेसे आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंगला गेल्यावर तरी लागेल ना?

तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमा परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेवर नॉन-प्रोग्रॅमेबल इलेक्ट्रॉनिक पॉकेट कॅल्क्युलेटर वापरता येईल असे स्पष्ट लिहिलेले असते. ग्राफिंग कॅल्क्युलेटर हा प्रोग्रॅमेबल असल्यामुळे त्या व्याख्येत बसतच नाही. पदवीच्या परीक्षेतही, कॉलेज मुंबई विद्यापीठाचे असो की लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचे, रिवाज सायंटिफिक कॅल्क्युलेटरचाच आहे. पुढे एम.टेक.च्या प्रवेशासाठी गेटची परीक्षा द्यायची झाली, तर तेथे स्वतःचे यंत्र नेताच येत नाही आणि संगणकाच्या पडद्यावर दिलेल्या आभासी सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर काम करावे लागते. त्याची सवय आधी करून घ्यावी, कारण माउसने बटणे दाबताना वेळ जातो.

म्हणून इंजिनीअरिंगसाठी एक चांगला सायंटिफिक घ्यावा. कॅसिओच्या एफएक्स-९९१ मालिकेतील ईएस प्लस हे मॉडेल तीन चलांची समीकरणे आणि तीन बाय तीनचे मॅट्रिक्स सोडवते, तर ईएक्स हे मॉडेल चार चलांपर्यंत जाते आणि त्यात लहानसे स्प्रेडशीटही आहे. पहिल्या वर्षाच्या गणितासाठी ईएस प्लस पुरतो. इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्याला चार बाय चारच्या मॅट्रिक्सचा उपयोग होतो, म्हणून त्याने ईएक्स किंवा त्यानंतर आलेला सीडब्ल्यू घ्यावा. सीडब्ल्यूवर बटणांची मांडणी बदलली आहे, त्यामुळे जुन्या मॉडेलला हात बसलेल्याने तो परीक्षेच्या तोंडावर घेऊ नये.

मग ग्राफिंग कॅल्क्युलेटर खरोखर लागतो तरी कोणाला?

मुख्यतः तीन प्रकारच्या विद्यार्थ्यांना.

पहिला प्रकार इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, म्हणजे आयबी डिप्लोमा करणाऱ्यांचा. आपल्या किनाऱ्यावरची मुले यासाठी बहुधा मुंबई-पुण्याला जातात, किंवा आखातातल्या शाळेत हा अभ्यासक्रम घेऊन सुट्टीत गावी येतात. सध्याच्या आयबी गणिताचे दोन मार्ग आहेत. ॲनालिसिस अँड ॲप्रोचेस या मार्गात पहिली प्रश्नपत्रिका कॅल्क्युलेटरविना सोडवायची असते, आणि दुसरीसाठी, तसेच हायर लेव्हलच्या तिसरीसाठी, ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतो. ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन या मार्गात तो सगळ्याच प्रश्नपत्रिकांना लागतो. येथे यंत्र नसणे म्हणजे प्रश्न सोडून देण्यासारखेच आहे, कारण प्रश्न रचतानाच यंत्र हाताशी आहे असे धरलेले असते.

दुसरा प्रकार अमेरिकी पद्धतीचा एपी, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीचा विषय शिकवणारा ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट अभ्यासक्रम घेणाऱ्यांचा. एपी कॅल्क्युलसच्या काही भागांत ग्राफिंग कॅल्क्युलेटर आवश्यक मानला जातो आणि उरलेल्या भागांत तो बंद ठेवावा लागतो. त्याच्याकडून चार कामांची अपेक्षा असते: ठरावीक चौकटीत, म्हणजे अक्षांच्या ठरवून दिलेल्या मर्यादांत, आलेख काढणे, समीकरणाची मुळे शोधणे, एखाद्या बिंदूपाशी डेरिव्हेटिव्हची किंमत काढणे आणि निश्चित इंटिग्रलची किंमत काढणे. ही चारही कामे मधल्या किमतीचे यंत्रही व्यवस्थित करते.

तिसरा प्रकार परदेशी विद्यापीठात पदवीसाठी जाणाऱ्यांचा, आणि त्यांना माझा सल्ला थांबण्याचा आहे. तेथे कॅल्क्युलेटरचा नियम विद्यापीठागणिक, कधी कधी प्राध्यापकागणिक बदलतो. एखाद्या कॅल्क्युलसच्या वर्गात सर्व प्रकारच्या यंत्रांना बंदी असते, तर शेजारच्या संख्याशास्त्राच्या वर्गात विशिष्ट मॉडेल सुचवलेले असते. विषयाची माहितीपत्रिका हातात आल्यावरच खरेदी करावी.

एसएटी या अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेसाठी वेगळी खरेदी करण्याचे कारण उरलेले नाही. भारतासह अमेरिकेबाहेर ही परीक्षा मार्च २०२३ पासून संगणकावर होऊ लागली आणि तिच्या ॲपमध्येच डेसमॉस हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर दिलेला असतो. गणिताच्या पूर्ण विभागात तो वापरता येतो.

केंब्रिजच्या ए लेव्हललाही आयबीसारखाच लागतो का?

येथे अनेक पालक फसतात. केंब्रिज इंटरनॅशनलच्या ए लेव्हल गणिताला, म्हणजे ९७०९ क्रमांकाच्या विषयाला, ग्राफिंग कॅल्क्युलेटर चालत नाही आणि सायंटिफिक अपेक्षित असतो. दोन्ही अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय असले आणि एकाच शाळेच्या इमारतीत शिकवले जात असले, तरी नियम एकमेकांच्या उलट आहेत. शाळेच्या माहितीपुस्तिकेत नुसते 'कॅल्क्युलेटर आवश्यक' असे लिहिलेले असेल, तर कोणता, हे लेखी विचारून घ्यावे.

दुकानदार 'कॅस' असलेला महाग मॉडेल घ्या म्हणतो. घ्यावा का?

कॅस म्हणजे अक्षरांतले बीजगणित करणारी प्रणाली. साधा ग्राफिंग कॅल्क्युलेटर समीकरणाचे उत्तर आकड्यात देतो, कॅस असलेला त्याचे अवयव पाडून, सूत्ररूपात सोडवून दाखवतो. यंत्र म्हणून ते निःसंशय सरस आहे. परंतु आयबीच्या परीक्षेत कॅसला परवानगी नाही आणि अमेरिकेतल्या एसीटी या प्रवेश परीक्षेतही नाही. टीआय-एनस्पायर सीएक्स टू आणि टीआय-एनस्पायर सीएक्स टू कॅस ही दोन यंत्रे दिसायला जवळजवळ सारखी असतात, म्हणून खोक्यावरचे पूर्ण नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलासाठी कॅस नसलेलेच यंत्र घ्यावे, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण परीक्षेच्या नियमापुरतेच नाही: अवयव पाडण्याचा सराव ज्या वयात व्हायचा, त्याच वयात ते काम यंत्राकडे देणे मला पटत नाही.

कॅस नको, तर मग कोणते मॉडेल पाहावे?

पहिला निकष असा की शाळेत शिक्षक जे यंत्र वापरतात, तेच घ्यावे. वर्गात फळ्यावर बटणांचा क्रम सांगितला जातो तेव्हा एकट्याकडे निराळे यंत्र असेल, तर त्याचे अर्धे लक्ष मेनू शोधण्यात जाते. या एका निकषापुढे पडद्याचे रंग आणि मेमरीचे आकडे गौण आहेत.

शाळेने काहीच सुचवले नसेल, तर पर्याय असे. टीआय-८४ प्लस सीई हे २०१५ साली आलेले रंगीत पडद्याचे यंत्र अमेरिकी पुस्तकांशी सर्वांत जुळणारे आहे. अमेरिकेत त्याची किंमत दीडशे डॉलरच्या आसपास असते आणि आपल्याकडे मागवताना त्यावर कर आणि कुरिअर चढतो. कॅसिओचा एफएक्स-सीजी५० हा २०१७ साली आला. त्याचा पडदा रंगीत आहे, मेनूची रचना सायंटिफिक कॅसिओ वापरलेल्याला ओळखीची वाटते आणि तो चार लहान पेन्सिल सेलवर चालतो. कॅसिओचाच एफएक्स-९७५०जीथ्री हा कृष्णधवल पडद्याचा आणि बराच स्वस्त पर्याय आहे. फ्रान्समधील नमवर्क्सचे यंत्र मला शिकायला सर्वांत सोपे वाटले, आणि त्याची हुबेहूब प्रतिकृती संकेतस्थळावर फुकट वापरता येत असल्यामुळे खरेदीआधी आठवडाभर हात बसवून पाहता येतो. एचपी प्राइम स्पर्शपडद्याचा आणि वेगवान आहे, पण त्यात कॅस असतो, आणि वर्गात तो दुसऱ्या कोणाकडे असण्याची शक्यताही कमी.

निवड झाल्यावर त्या वर्षीच्या परीक्षेच्या मान्य यंत्रांच्या यादीत मॉडेलचे नाव शोधावे. नावामागे एखादे अक्षर अधिक-उणे असले, तरी ते वेगळे मॉडेल समजावे.

पडद्याच्या दर्जाने गणितात फरक पडतो, की ते नुसते देखणेपण?

फरक पडतो, आणि आपल्या समुद्राचेच उदाहरण घेऊन तो दाखवता येईल. भरती-ओहोटीचा ढोबळ आलेख दोन लाटांची बेरीज करून काढता येतो. चंद्रामुळे येणाऱ्या लाटेचा आवर्तकाल १२.४२ तास आणि सूर्यामुळे येणाऱ्या लाटेचा १२ तास. पहिलीची उंची १ आणि दुसरीची ०.४ धरली, तर दोन कोसाइनची बेरीज कॅल्क्युलेटरमध्ये भरता येते. या दोन लाटा सुमारे ३५५ तासांनी, म्हणजे पावणेपंधरा दिवसांनी, पुन्हा एकमेकींच्या जोडीला येतात. तेव्हा उंची १.४ होते, ते उधाण. मधल्या काळात त्या एकमेकींविरुद्ध जातात आणि उंची ०.६ वर येते, तो भांग. मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या तिथीवरून जे सांगतात, ते पडद्यावर फुगणाऱ्या आणि आकसणाऱ्या पट्ट्यासारखे दिसते.

आता हाच आलेख महिन्याभराचा, म्हणजे शून्य ते ७२० तासांचा काढून पाहावा. जुन्या टीआय-८४ प्लसचा पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा आहे. ७२० तास त्यावर पसरले की दोन शेजारच्या ठिपक्यांत साडेसात तासांहून अधिक अंतर पडते. म्हणजे साडेबारा तासांच्या एका लाटेवर दोन बिंदूही येत नाहीत, आणि यंत्र ते तुरळक बिंदू जोडून भलत्याच लाटा दाखवते. टीआय-८४ प्लस सीईवर हे अंतर पावणेतीन तासांच्या आसपास येते आणि ३८४ ठिपके रुंदीच्या एफएक्स-सीजी५० वर दोन तासांच्या आत, म्हणून तेथे चित्र विश्वासार्ह असते. अर्थात जुन्या यंत्रावरही चौकट तीन दिवसांपुरती आखली, तर आलेख बरोबर येतो. पडदा लहान असेल, तर चौकट विचारपूर्वक निवडावी लागते, इतकेच.

याच उदाहरणात आणखी एक सापळा आहे. यंत्र रेडियनऐवजी अंशांवर ठेवलेले राहिले, तर चूक असल्याचा संदेश येत नाही. पडद्यावर गुळगुळीत वक्र उमटतो आणि महिन्याभरात जेमतेम एकच भरती दिसते! किनाऱ्यावरच्या मुलाला ती चूक तत्काळ कळते, म्हणूनच मी हे उदाहरण पहिल्या तासाला घेतो.

मोबाइलवर जिओजेब्रा किंवा डेसमॉस फुकट असताना पैसे का घालवावेत?

शिकण्यासाठी घालवू नयेतच. जिओजेब्राची सुरुवात २००१ साली ऑस्ट्रियात झाली आणि आपल्या बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतही त्याचा उल्लेख येतो. ॲप एकदा उतरवून घेतले की आलेख काढायला नेटवर्क लागत नाही, ही गोष्ट डोंगराआडच्या वाडीत राहणाऱ्यासाठी मोलाची आहे. परंतु परीक्षागृहात मोबाइल जात नाही. ज्याची परीक्षा यंत्रावर होणार आहे, त्याने सरावही त्याच यंत्रावर केला पाहिजे.

कृषी आणि मत्स्यविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र असते. त्यांना उपयोग होईल का?

उपयोग होईल, गरज मात्र नाही. समजा, एका बागेतल्या हापूसचे सरासरी वजन २५० ग्रॅम आणि प्रमाण विचलन ३० ग्रॅम आहे, आणि २८० ग्रॅमच्या वरची फळे किती टक्के, हे काढायचे आहे. ग्राफिंग कॅल्क्युलेटर एका ओळीत १५.८७ टक्के असे सांगतो. तेच उत्तर तक्त्यात पाहून आणि एक वजाबाकी करून मिळते, आणि एफएक्स-९९१ ईएक्सवरही मिळते. पन्नास झाडांचे उत्पन्न भरून रिग्रेशन करायचे असेल, तर संगणकावरचे स्प्रेडशीट अधिक सोयीचे पडते.

मुंबईहून किंवा आखातातून मागवताना काय पाहावे?

गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या हाती यंत्र मागवण्याची आपल्याकडची रीत चांगली आहे, फक्त निरोप पुरेसा नेमका हवा. 'टीआयचा रंगीत' एवढेच सांगितले, तर काय येईल याचा नेम नसतो. मॉडेलचे पूर्ण नाव कागदावर लिहून द्यावे. टीआय-८४ प्लस सीई-टी या युरोपीय आवृत्तीवर परीक्षा-पद्धतीचा (साठवलेले प्रोग्रॅम बंद केल्याचे दाखवणारा) दिवा असतो, नुसत्या सीईवर तो नसतो, आणि काही परीक्षांत त्या दिव्यावरून यंत्र तपासले जाते. बिल मागून घ्यावे. परदेशातून आणलेल्या यंत्राची हमी येथे चालेल असे गृहीत धरू नये.

लोकप्रिय सायंटिफिक कॅल्क्युलेटरच्या नकला बाजारात सर्रास मिळतात. किंमत संशयास्पद कमी असेल, बटणांवरची अक्षरे नखाने खरवडून निघत असतील किंवा माहितीपत्रकाची छपाई अस्पष्ट असेल, तर तो व्यवहार सोडून द्यावा.

आपल्या दमट, खाऱ्या हवेत हे यंत्र टिकते का?

टिकते, पण पावसाळ्यात त्याची काळजी घ्यावी लागते. सर्वाधिक नुकसान पाझरलेल्या सेलने होते. मे महिन्याच्या सुट्टीत मी स्वतः एक यंत्र सेलसकट टेबलाच्या खणात विसरलो होतो. जुलैमध्ये झाकण उघडले तेव्हा आतल्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर चढला होता आणि एक स्प्रिंग हातातच तुटली. चूक माझीच होती. महिन्याहून अधिक काळ यंत्र वापरायचे नसेल, तर सेल काढून ठेवावेत. साध्या स्वस्त सेलऐवजी अल्कलाइन सेल घालावेत आणि चारही एकाच वेळी बदलावेत. यंत्र झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. पुड्या ओलसर झाल्या की बदलाव्यात.

आतल्या लिथियम बॅटरीवर चालणारे यंत्र घ्यायचे की सेलवरचे, हा प्रश्न शहरात गैरलागू असेल, आपल्याकडे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकले, त्यानंतर दापोली-मंडणगड भागातील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. अशा वेळी गावातल्या किराणा दुकानात मिळणाऱ्या सेलवर चालणारे यंत्र परवडते. टीआय-८४ प्लस सीई जुन्या पद्धतीच्या मिनी-यूएसबी वायरने चार्ज होतो आणि मोबाइलची हल्लीची वायर त्याला बसत नाही, म्हणून एक जादा वायर जवळ ठेवावी.

घेतल्यावर हात बसायला किती वेळ लागतो?

रोज थोडा वेळ दिला, तर साधारण महिनाभर. सुरुवातीला एकाच गोष्टीवर बहुतेक जण अडखळतात: ऋण संख्येचे चिन्ह आणि वजाबाकीचे चिन्ह यांची टीआयवर दोन वेगळी बटणे आहेत. एकाऐवजी दुसरे दाबले की यंत्र चूक दाखवते किंवा, त्याहून वाईट, मागच्या उत्तरातून वजाबाकी करून मोकळे होते. आलेख दिसत नसेल, तर यंत्र बिघडले असे न समजता आधी चौकटीच्या मर्यादा पाहाव्यात. मेनू इंग्रजीतच हाताळावे लागतात, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने नेहमी लागणाऱ्या वीसेक शब्दांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर करून ठेवावी.

परीक्षेआधी मेमरी पुसली जाते किंवा परीक्षा-पद्धत सुरू करून साठवलेले प्रोग्रॅम बंद केले जातात. जपून ठेवायचे असेल ते आदल्या दिवशीच संगणकावर उतरवून घ्यावे.

वापरलेले यंत्र घेणे योग्य आहे का?

योग्य आहे, कारण या यंत्रांची मॉडेले फार सावकाश बदलतात आणि दहा वर्षांपूर्वीचा टीआय-८४ प्लस सीई आजही तेच काम करतो. आयबी संपवून गेलेल्या मुलांकडे अशी यंत्रे नुसती पडून असतात. घेताना सेलच्या कप्प्याचे झाकण उघडून पट्ट्या पाहाव्यात, पूर्ण काळ्या आणि पूर्ण पांढऱ्या पडद्यावर मेलेले ठिपके शोधावेत, प्रत्येक बटण एकदा दाबावे आणि आतली बॅटरी असेल, तर पाठीमागचा भाग फुगलेला नाही ना, हे सपाट टेबलावर ठेवून तपासावे. मागच्या मालकाने पासवर्ड घातलेला असेल, तर तो त्याच्याकडूनच काढून घ्यावा, आणि चार्जिंगची वायर त्याच वेळी मागावी.